बावीस पौंड हवा

१

खंडेनवमीच्या सकाळी साडेनऊला, आरतीचं तबक हातात घेऊन सुभाषचंद्र लघाट्यांनी पाटावरची हत्यारं मोजली आणि आरती म्हटलीच नाही.

"गेज कुठंय?"

पाटावर पाने होते, पक्कड होती, जॅक होता. टायरमधली हवा मोजायचं पितळी गेज नव्हतं.

झाशीतल्या खंडेराव गेटजवळच्या या गॅरेजात त्या गेजला देवाच्या खालोखाल मान. 'खंडेराव रेसिंग'नं बुंदेलखंडच्या मोटर शर्यतींचा चषक सलग सात वर्षं आणला, तो याच गेजनं हवा भरून. शर्यतीच्या सकाळी सुभाषचंद्र स्वतः चारही टायर मोजायचे आणि खडूनं टायरवर आकडा लिहायचे. बावीस. बावीस पौंड. तो खडू दुसऱ्या कुणाच्या हातात कधी गेला नाही.

आता खरं सांगायचं तर ही फार मोठी टीम वगैरे काही नाही. एक गॅरेज, 'लाली' नावाची एक लाल गाडी, चार माणसं, आणि गर्व मात्र चाळीस माणसांत वाटून उरेल एवढा. सात वर्षं जिंकले तोवर तो गर्व शोभला. पुढची पाच वर्षं सलग हरले, तरी गर्व होता तिथंच. ड्रायव्हर तीन बदलले. इंजिन दोनदा बदललं. शॉकअप किती वेळा, त्याची मोजदाद नाही. ग्वाल्हेरची टीम दर वर्षी चषक उचलून नेई आणि सुभाषचंद्र दर वर्षी एकच वाक्य म्हणत, "आपल्यातलाच कुणीतरी नीट काम करत नाही."

यंदा मात्र समथरची फेरी जिंकल्यामुळे लाली फक्त दोन गुणांनी मागे होती. शेवटची फेरी रविवारी. आज गुरुवार.

सुभाषचंद्रांनी तबक खाली ठेवलं आणि वळून विठोबाकडं पाहिलं. विठोबा त्यांचा मेकॅनिक. वय अठ्ठावन्न, पहिल्या दिवसापासून सोबत. सकाळी पेटीतून हत्यारं त्यानंच काढून दिली होती. गॅरेजची किल्ली त्याच्याकडं.

"विठोबा, तूच ना?"

विठोबानं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

"शनिवार संध्याकाळपर्यंत गेज आणून दे. नाहीतर किल्ली इथं ठेव आणि चालायला लाग."

तेरा वर्षं ज्या माणसाची नखं काळी झाली त्याला बारा शब्दांत बाहेर. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं साहेबकी केलेल्या माणसाला हे सहज जमतं.

२

सुभाषचंद्रांची पुतणी शमिका लालीची ड्रायव्हर. तिनं दुपारीच मृदुला बापटांना फोन लावला.

मृदुलाताई रेल्वेच्या अपघात चौकशीत एकतीस वर्षं होत्या. डबा घसरला की रूळ बघायच्या, चाक बघायच्या, आणि मग ज्याच्यावर सगळे बोट दाखवतात त्याला चहा पाजायच्या. त्यांच्या मते बोट दाखवणाऱ्यांना घाई असते आणि घाई असलेला माणूस पुरावा वाचत नाही. निवृत्त झाल्यावर त्या सदर बाज़ारात राहत, स्कूटरवर हिंडत आणि कुणाच्याही घरी जेवायला बसत.

शुक्रवारी दसऱ्याचं सोनं द्यायच्या निमित्तानं त्या लघाट्यांकडं आल्या. दारातच सुभाषचंद्रांची बायको, भानुमतीवहिनी, भेटल्या.

"ये गं, किती दिवसांनी. थांब, जेवूनच जा. मेतकूट कालच दळलंय. आमच्याकडं मी सोडून कुणी तोंड लावत नाही त्याला."

"मेतकूट-भात, तूप. त्यासाठी तर मी झाशीत राहिले," मृदुलाताई म्हणाल्या. "आधी जरा पोरांशी बोलते."

पराग, सुभाषचंद्रांचा मुलगा, गॅरेजात गाडीच्या बॉनेटवर बसून फोन बघत होता.

"मावशी, सच बोलूँ? मला तर बरं वाटलं. तो पितळेचा तुकडा गेला तर गेला. बाबा त्याला आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात. ग्वाल्हेरवाले लॅपटॉप घेऊन येतात आणि आम्ही झेंडू."

"म्हणजे तू घेतलंस?"

"घेतलं असतं तर नाल्यात फेकलं असतं आणि स्टेटसला टाकलं असतं."

"त्याच्या जागी नवं कधी आणलं नाहीस?"

पराग कडवट हसला. ड्रॉवर ओढून त्यानं एक डब्बी काढली. आत आकडा दाखवणारं नवं गेज, आणि डब्बीवर सुभाषचंद्रांच्या टपोऱ्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी: 'यातून सहा वजा करणे.'

"चार वर्षांपूर्वी आणलं. बाबांच्या गेजपेक्षा सहानं जास्त दाखवतं. बाबा म्हणाले, माल ही खराब है. तेव्हापासून पडून आहे."

मृदुलाताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. चार ओळींची असल्यासारखी.

"काल पाटाचा फोटो काढलास का रे?"

"आरतीच्या आधी. स्टेटससाठी."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. पाट, त्यावर लाल कापड, कापडावर हत्यारं एकमेकांपासून बोटभर अंतरानं, शाळेतल्या रांगेसारखी. प्रत्येकावर एक झेंडू. त्या ओठ हलवत मोजत गेल्या.

"दहा हत्यारं," त्या म्हणाल्या. "आणि दहाच फुलं."

"तर?"

"तर काही नाही. हा फोटो मला पाठव, आणि उडवू नकोस. आज रात्री कुणी सांगितलं तरी उडवू नकोस."

३

शमिका अंगणात हेल्मेट पुसत होती. चोवीस वर्षांची, मराठी समजायची सगळी, बोलायची निम्मी.

"मावशी, मेरे पे भी शक आहे ना? ग्वाल्हेरवाल्यांनी मला सीट ऑफर केली होती."

"मग गेली का नाहीस?"

"विठोबाकाकांमुळे. पहिल्या रेसला मी गाडी उलटवली. काका, म्हणजे सुभाषकाका, चिल्लाए. विठोबाकाका फक्त म्हणाले, तुझा दोष नाही पोरी, गाडी वळणावर नाचते. ते गेले तर मी पण जाईन. मग काकांनी गेजलाच ड्रायव्हर ठेवावं."

"नाचते म्हणजे?"

"सरळ रस्त्यावर एकदम मस्त. वळण आलं की चाकं जमीन पकडतच नाहीत. उडत जाते. सगळं बदलून पाहिलं."

"समथरला पण नाचली?"

शमिका पुसायची थांबली.

"नाही. समथरला तर मख्खन. अकरा सेकंदांनी जिंकले मी. काका म्हणतात तुक्का लागला."

"ग्वाल्हेरवाले आले नव्हते तिथं?"

"पूरी टीम. उलट काकांचं गेजच नव्हतं. घाईत घरी राहिलं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या भैयाकडून हवा भरली, बाईस. काकांनी परत येईपर्यंत विठोबाकाकांना सुनावलं. जिंकून पण. बक्षीस हातात आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं."

मृदुलाताईंनी हे ऐकलं आणि उठून अंगणाच्या भिंतीकडं गेल्या. तिथं ओळीनं बारा टायर आडवे मांडलेले, आत माती, मातीत सदाफुली. दर वर्षीच्या शेवटच्या शर्यतीतला एक टायर भानुमतीवहिनी कुंडी म्हणून ठेवत. वर रंगानं एक ते बारा आकडे.

पहिल्या टायरपाशी त्या गुडघे टेकून बसल्या. तळहात फिरवला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सातव्यापर्यंत चेहरा तसाच होता. आठव्यावर हात थांबला.

"शमिका, इकडं ये. डोळे मिट. हात फिरव. काय लागतं?"

"पहिले सगळे सारखे घासलेले," शमिका डोळे मिटून म्हणाली. "आणि हा... हा बीच में गंजा आहे. कडेला नवा, मधे टक्कल."

"नववा?"

"गंजा. दहावा पण. बाराव्यापर्यंत सगळे." तिनं डोळे उघडले. "मावशी, आठव्या साली काय झालं?"

"तेच मी तुला विचारणार होते."

"मी तेव्हा टीममध्ये नव्हते. पण मला माहीत आहे. त्या साली चौथ्या फेरीपर्यंत सगळ्यात पुढं होते. शेवटची हरले, आणि मग हरतच गेले."

"चौथी फेरी कधी असते?"

"पितृपक्षाच्या आधी."

"आणि शेवटची दसऱ्यानंतर," मृदुलाताई म्हणाल्या. "मधे एकच दिवस असा येतो, जेव्हा या घरातलं प्रत्येक हत्यार पेटीतून बाहेर निघतं."

४

विठोबा गॅरेजच्या मागच्या पायरीवर बसला होता. पुढं किल्ली ठेवलेली. शनिवार उजाडला नव्हता, पण त्यानं आधीच काढून ठेवली होती.

मृदुलाताईंनी त्याला चहा दिला. स्वतःलाही घेतला.

"विठोबा, तुम्ही चोर नाही. मला ते कळलंय."

"मग झालं की."

"पण तुम्हाला माहीत आहे गेज कुणी नेलं."

विठोबानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. अपघाताच्या चौकशीत अशी गप्प माणसं त्यांनी खूप पाहिली होती. अपराधी गप्प बसतो तेव्हा दाराकडं बघतो. हा स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत होता.

"बाई, भुसावळहून आलो तेव्हा इथं कुणी ओळखीचं नव्हतं. तेरा वर्षं दुपारचा डबा मी घरून आणलेला नाही. एवढंच सांगतो. याच्या पुढं नका विचारू."

"नाही विचारत. दुसरं विचारते. टायर हातानं दाबून बघता का हो तुम्ही?"

विठोबाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"बघायचो. आठव्या साली शेवटच्या शर्यतीला दाबला तर टणक लागला. म्हटलं साहेब, हवा जास्त वाटते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, विठोबा, तुझा अंगठा मोठा की माझं गेज?" तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "त्यानंतर अंगठा खिशात ठेवला."

एका माणसाला एकदा चारचौघांत गप्प केलं आणि पाच चषक गेले. पण याचा हिशेब कारखान्यात कुणी शिकवत नाही.

त्या उठल्या. गॅरेजात लालीच्या चारही टायरांवर बुधवारी सरावासाठी सुभाषचंद्रांनी गेजनं मोजून लिहिलेला आकडा होता. बावीस. त्यांनी परागला एक चाक काढायला लावलं, ऑटोत घातलं आणि स्वतः शेजारी बसल्या. ऑटोवाल्यानं विचारलं, "अम्मा, सवारी एक कि दो?" त्या म्हणाल्या, "एक. पहिया मेहमान है."

सदर बाज़ारातल्या तीन दुकानांत त्यांनी ते चाक मोजून घेतलं. तिसऱ्या दुकानातून बाहेर आल्या तेव्हा त्या चक्क गुणगुणत होत्या.

परत येऊन त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

"वहिनी, भूक लागली. तो मेतकूट-भात?"

भानुमतीवहिनींच्या हातातला झारा थांबला.

"अगं, मेतकूट... संपलं बघ. वरण-भात चालेल ना?"

काल दळलेलं, आणि खाणारी घरात एकटीच.

"चालेल की," मृदुलाताई म्हणाल्या आणि पोटभर वरण-भात जेवल्या.

५

शनिवारी संध्याकाळी पाचला सगळे गॅरेजात जमले. विठोबानं किल्ली टेबलावर ठेवली. भानुमतीवहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"सांगा मृदुलाबाई," सुभाषचंद्र म्हणाले. "चोर कोण?"

"आधी तुम्ही सांगा. कारखान्यात तुमच्या हाताखाली शंभर गेज होती. एखादं तपासल्याची तारीख नसलेलं गेज कामगारानं वापरलं तर काय करायचात?"

"चार्जशीट. दर सहा महिन्यांनी प्रत्येक गेज तपासलं जायचं. नापास झालं तर लाल फीत. माझ्या खात्यात एकदाही चूक झाली नाही."

"आणि हे घरचं? शेवटचं कधी तपासलंत?"

सुभाषचंद्रांनी हत्यारांच्या पेटीकडं पाहिलं.

"ते... त्याची पूजा होते."

"तेच विचारते आहे. तपासलं कधी?"

पराग खोकला. शमिकानं त्याच्या पायावर पाय दिला.

मृदुलाताईंनी नव्या गेजची डब्बी टेबलावर ठेवली, चिठ्ठीसकट. मग सदर बाज़ारातून आणलेल्या तीन चिठ्ठ्या.

"हे चाक तुम्ही बुधवारी बावीस भरलंत. तीन दुकानं म्हणतात अठ्ठावीस. परागचं गेज म्हणतं अठ्ठावीस. चार वर्षं तुम्ही सगळं जग चूक धरून त्यातून सहा वजा करत बसलात. लाली पाच वर्षं अठ्ठावीस पौंडांवर धावत होती. फुगलेला टायर मधेच टेकतो, मधेच झिजतो, आणि वळणावर नाचतो. अंगणातल्या कुंड्या जाऊन बघा. समथरला गेज घरी राहिलं म्हणून तुम्ही जिंकलात. ड्रायव्हर चांगले होते. इंजिन चांगलं होतं. मेकॅनिक सगळ्यात चांगला होता, आणि त्यानं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सुभाषचंद्र खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्चीनं त्यांना धरलं.

"आणि चोरी?" पराग म्हणाला.

"चोरी झालीच नाही. या फोटोत दहा हत्यारं आहेत, दहा फुलं, मधे रिकामी जागा नाही. पाटावरून कुणी गेज उचललं असतं तर अकरावं फूल राहिलं असतं, रांगेत भोक पडलं असतं. विठोबानं पेटीतून अकरा काढून दिली. पाटावर दहाच आली. ते पाटावर कधी मांडलंच नव्हतं."

"पाट कुणी मांडला?" सुभाषचंद्र हळूच म्हणाले.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तेरा वर्षं पाट एकच माणूस मांडत होतं.

भानुमतीवहिनी आत गेल्या. आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि पिवळ्या मेतकुटात हात घालून गेज बाहेर काढलं.

"आठव्या वर्षी खंडेनवमीला धुताना माझ्या हातून निसटलं," त्या म्हणाल्या. "घंगाळाच्या काठावर आपटलं. काटा वाकला. मी नखानं सरळ केला, पुसलं, कुंकू लावलं. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. मला वाटायचं अपशकुन झाला म्हणून हरताय. दर वर्षी नवस बोलत होते. मग समथरला याच्याशिवाय जिंकलात तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हटलं, रविवारपर्यंत लपवू. जिंकले की सांगू. विठोबाभावजींवर येईल असं मनात सुद्धा नव्हतं. काल रात्रभर झोप नाही. आज तुम्ही जमला नसतात तरी मी बोलणारच होते."

"मी पाहिलं होतं, वहिनी," विठोबा म्हणाला. "पदराखाली घेऊन आत जाताना."

"आणि बोलला नाहीत?"

"तुमच्या हातचं खाल्लेल्या तोंडानं कसं बोलणार?"

मग मृदुलाताई म्हणाल्या, "ते मेतकूट चाळून घ्या. आज मी भात खाल्ल्याशिवाय जायची नाही."

पहिली हसली ती शमिका. मग पराग. भानुमतीवहिनी रडता रडता हसल्या. सुभाषचंद्र हसले नाहीत. ते गेजकडं बघत होते, आणि त्यावरचं मेतकूट बोटानं पुसत होते.

६

सुभाषचंद्र लघाट्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. कशी मागतात हेच त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळं रविवारी सकाळी मैदानावर ते लालीभोवती तीन फेऱ्या मारून आले. ग्वाल्हेरवाल्यांचे लॅपटॉप उघडले होते. शमिका हेल्मेट घालून बसली होती.

विठोबा पेटीपाशी उभा होता. किल्ली पुन्हा त्याच्या कमरेला होती. ती तिथं कुणी लावली ते कुणी बोललं नाही.

सुभाषचंद्रांनी खिशातून खडू काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"लिही."

"किती, साहेब?"

"अंगठा काय म्हणतो?"

विठोबानं खडू घेतला. मग त्यानं हात पँटला पुसला, गुडघ्यावर बसला आणि टायर दाबला. थोडी हवा सोडली. पुन्हा दाबला. पुन्हा थोडी सोडली. चारही टायरांशी तसंच. शेवटी परागनं नवं गेज लावलं, सहा वजा न करता, आणि ओरडला, "बाईस! बाबा, चारों बाईस!"

विठोबानं खडूनं बावीस लिहिलं. त्याचं अक्षर वाकडं होतं. सुभाषचंद्रांनी ते दुरुस्त केलं नाही.

लाली त्या दिवशी एकाही वळणावर नाचली नाही. शमिका साडेनऊ सेकंदांनी जिंकली, आणि सहाव्या प्रयत्नात चषक खंडेराव गेटला परत आला. भानुमतीवहिनींनी तेरावी कुंडी भरायला घेतली तेव्हा टायरवर आधी तळहात फिरवून पाहिला. सगळीकडं सारखा.

पुढच्या खंडेनवमीला गेज पुन्हा पाटावर आलं. झेंडू अकरा. फक्त त्याच्या गळ्यात सुभाषचंद्रांनी कारखान्यासारखी लाल फीत बांधली होती, आणि फितीला कागद, टपोऱ्या अक्षरात:

'नापास. पूजेस चालेल, वापरास नाही. तपासणी: विठोबाचा अंगठा.'